ज्वालामुखी बेट, तालुका लोहारा

शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. लोहाऱ्याहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बाभळीखाली, मी पाच वेळा स्वच्छ ‘नको’ म्हटल्यानंतर मला जीपमध्ये बसवण्यात आलं. वाक्य परत वाचा. ‘मी जीपमध्ये बसले’ असं मी लिहिलेलं नाही.

या प्रसंगाबद्दल माझ्या मुलाचं मत वेगळं आहे, आणि त्याच्या मतावर मी उरलेलं आयुष्य कुठं काढायचं ते ठरणार आहे. म्हणून सगळं क्रमानं लिहिते. ज्यांना अशी सहल करायची असेल त्यांनी रस्ते, जेवण, बूट यांची माहिती मधून मधून वेचून घ्यावी. बाकीचं निनादसाठी आहे. तो माझा ब्लॉग वाचतो. वाचलं नाही असं म्हणतो, पण शुद्धलेखनाच्या चुका बरोबर सांगतो.

मी धाराशिवला राहते. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले, म्हणजे नोकरीभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि स्वतः गप्प बसले. आता त्याची भरपाई करते आहे. यजमान गेल्यापासून घरात एकटी असते. निनाद पुण्याला अकराव्या मजल्यावर राहतो आणि दोन वर्षांपासून एकच टेप लावतो, “आई, तिथं तू एकटी असतेस.” मी सांगते की तुझ्याकडं आले तरी सकाळी आठ ते रात्री आठ एकटीच असते, फक्त उंचावर असते. दिवाळीत मी न्हाणीघरात घसरले आणि टेपचा आवाज वाढला.

शेवटी माझ्या वाढदिवसाला आमचा करार झाला. मी एक ठरलेली वाट एकटीनं, सगळी पायी, कुठल्याही गाडीत न बसता पुरी करायची. जमलं तर पुण्याचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर मार्चअखेर घर बंद करून किल्ली त्याच्याकडं द्यायची. वाट त्यानं आधीच शोधून ठेवली होती. पुण्यातल्या एका कंपनीचं इंग्रजी माहितीपत्रक त्यानं मला मोबाइलवर पाठवलं. काळा खडक, निळं पाणी आणि वर मोठ्या अक्षरांत: ज्वालामुखीच्या बेटावर स्वयंमार्गदर्शित पदभ्रमण. गाइड नाही, ग्रुप नाही, फक्त तुम्ही आणि लाव्हा. कुठं ते लिहिलेलं नव्हतं. “सरप्राइज आहे, आई. फक्त चांगले बूट घे.”

मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकले. सिस्टर अगाथांनी आम्हाला भूगोलात जगातले सगळे ज्वालामुखी तोंडपाठ करायला लावले होते. इटलीपासून इंडोनेशियापर्यंत कुठंही गेले असते तरी मी हरवले नसते. कधीच न वापरलेला पासपोर्ट कपाटातून काढला. उन्हाचं मलम घेतलं. गल्लीत सांगितलं. शेजारचे बिराजदार भाऊजी म्हणाले, “तिकडं शाकाहारी मिळतं का बघा.” त्यांच्या बायकोनं चॉकलेटची आठवण करून दिली. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर चौघी जणी सोडायला आल्या होत्या आणि एकीनं कुंकू लावलं होतं.

पुण्यात निनादकडं एक रात्र राहिले. सकाळी कंपनीची गाडी आली. विमानतळाच्या उलट दिशेला वळली तेव्हा मी समजले की मुंबईहून विमान आहे. सोलापूर रस्त्याला लागली तेव्हा समजले की हैदराबादहून आहे. टेंभुर्णीला गाडी बार्शीकडं वळली, आणि मी समजायचं सोडून दिलं.

“अहो, कुठं चाललोय आपण?”

“लोहारा,” ड्रायव्हर म्हणाला. “तुम्हाला सांगितलं न्हाय व्हय?”

वाचकहो, लोहारा आमच्याच जिल्ह्यात आहे. माझ्या घरापासून एसटीनं गेलं तर चहाची दुसरी वेळ व्हायच्या आत पोचता येतं. मी त्यासाठी पुण्याला जाऊन परत येत होते. वर ड्रायव्हरची देवी येरमाळ्याची येडेश्वरी, त्यामुळं त्यानं वाट आणखी वाकडी केली. “पाच मिन्टं, मॅडम. दर्शन घेतो, तुमी चहा घ्या.” हायवेवरच्या दुकानात मी चहा घेत बसले. दहा रुपयांत अर्धा कप, आलं भरपूर. इथं थांबलात तर गुळाचा मागा. तेवढ्यात समोर बिराजदार भाऊजी उभे. हातात नारळाची पिशवी, कपाळाला मळवट. ते देवीलाच आले होते.

“वहिनी? तुम्ही परदेशात गेला होता ना?”

“ट्रान्झिट आहे,” मी म्हणाले.

“येरमाळ्यात?”

“हो.”

भाऊजी सभ्य माणूस. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, फक्त प्रसाद दिला. नंतर गाडी धाराशिवच्या बायपासनं गेली आणि मला लांबून आमच्या भागातली पाण्याची टाकी दिसली. त्या क्षणी मी दार उघडून उतरले असते तर हे सगळं टळलं असतं. पण करार म्हणजे करार.

माहितीपत्रकातला ‘बेस कॅम्प’ म्हणजे लोहाऱ्यात एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवरची खोली. अंथरूण स्वच्छ, पाणी गरम, आणि खालून खताचा वास असा वर येतो की सकाळी आपल्याला पालवी फुटेल असं वाटतं. जेवण दुकानमालक शरणप्पांच्या घरून आलं: ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दह्याची वाटी. ते स्वतः ताट घेऊन आले आणि दारात उभे राहिले.

“बाई, उद्या जायचं कुठं तुमाला?”

“लाव्हा आयलंड,” मी कागदावरचं नाव वाचलं. “धरणाच्या काठाला.”

“कुठं आलं हे?” त्यांनी कागद उलटा करून नकाशा पाहिला. मग त्यांचा चेहरा उजळला. “आयला, लाव्याचं बेट व्हय. मग असं म्हना की. तितं लावे असत्यात.”

“लाव्हा.”

“लावे वो. लावा. तितरावानी पाखरू न्हाय का, जमिनीवर पळतंय, फुर्रकन उडतंय? त्या बांबूच्या बेटात लई. धरायला चाललाव का? आता कायदा कडक झालाय बरं.”

मी ताट खाली ठेवलं. लावा म्हणजे पाखरू. बेट म्हणजे बांबूचं बन. पुण्यातल्या कुणीतरी गावात येऊन जागेचं नाव विचारलं, गावानं ते बरोबर सांगितलं, आणि त्या शहाण्यानं घरी जाऊन त्याचं इंग्रजी केलं. मी लगेच कंपनीला फोन लावला. रिया नावाची मुलगी बोलली.

“मॅम, आमच्या टीमनं लोकल नेम ट्रान्सलेट केलंय.”

“तुमच्या टीमनं पाखराचा ज्वालामुखी केलाय.”

“पण मॅम, टेक्निकली तो व्होल्कॅनिकच आहे. बेसॉल्ट आहे. तो सगळा लाव्हाच थंड होऊन झालाय.”

“अख्खा जिल्हा त्याच दगडाचा आहे. म्हणजे मी रोज ज्वालामुखीवर भांडी घासते.”

“सो नाइस, मॅम.”

निनादला फोन केला तर तो एवढा वेळ हसला की मला वाटलं लाइन खराब आहे. मग म्हणाला, “बेट कुठलं का असेना, आई, वाट तीच आहे. सोडायची असेल तर आत्ता सांग.” त्याला सांगून टाकलं की सोडणार नाही. त्यानं माझ्या मोबाइलवर ती सोय चालू करून दिली, जिच्यात मी कुठं आहे ते त्याला पुण्यात निळा ठिपका होऊन दिसतं.

शनिवारी सकाळी निघाले. आता कामाची माहिती: रस्ता सुरुवातीला डांबरी, मग खडीचा, मग काळ्या मातीचा. फेब्रुवारीत हवा छान असते, ज्वारी कणसात असते. जाड तळाचे बूट हवेत. कुत्र्यांना काठी दाखवू नका, नाव घेऊन बोलवा; ‘मोत्या’ म्हटलं की दहातली आठ थांबतात.

कंपनीनं वाटेवर सात दगडांना शेंदरी रंगाचे बाण काढले होते आणि मला एक कागद दिला होता. पहिल्या दगडापाशी डावीकडं, दुसऱ्यापाशी ओढा ओलांडून, असं. पहिला दगड गावाबाहेरच सापडला. त्याच्यावर झेंडूची माळ होती, समोर फुटलेला नारळ होता, आणि बाण कुंकवाखाली गेला होता. मी नखानं थोडं कुंकू खरवडून दिशा बघितली. या देशात दगडाला शेंदरी रंग द्यायचा आणि त्यानं दगडच राहावं अशी अपेक्षा करायची, याला फार मोठ्या कॉलेजात शिकावं लागतं.

पण खरी अडचण दगडांची नव्हती. ‘स्वयंमार्गदर्शित’ ही गोष्टच आमच्या जिल्ह्यात शक्य नाही. इथं माणूस एकटा चालताना दिसला की त्याला मार्ग दाखवल्याशिवाय लोकांच्या घशाखाली पाणी उतरत नाही. दूधवाला थांबला. “बसा आजी, कॅन धरून.” एक मास्तर थांबले. “मॅडम, तुम्ही मतदारयादीच्या कामाला आलात का? बसा, सोडतो.” उसाचा ट्रॅक्टर थांबला आणि वरून आवाज आला, “उसावर बसता का? मऊ हाय.” प्रत्येकाला मी म्हणत होते की मला चालायचंय. प्रत्येक जण विचारत होता, “कशापायी?” या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते मोटारसायकल चालू ठेवून ऐकण्यासारखं नव्हतं.

मग ती जीप आली. मुरुम गावचा जीपवाला, आत बाजाराची माणसं, टपावर कोथिंबिरीची गाठोडी. त्यानं ब्रेक दाबला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

“अक्का, बर्री. कूडरी.” कानडी तेवढं मला कळतं. या, बसा.

“नको.”

“पैशे नको अक्का. बर्री.”

“पैशांचा प्रश्न नाही. मला चालायचंय. नको.”

मागचं दार उघडलं आणि एक भरदार बाई खाली उतरल्या. नाकात मोठी मोरणी, काखेत पिशवी. त्यांनी माझ्याकडं बुटांपासून टोपीपर्यंत बघितलं आणि निदान केलं. “घरात भांडण झालंय. रुसून निगाल्यात.”

“मी रुसलेली नाही. नको म्हटलं ना.”

“सुनेनं काढलं व्हय?” आतून एक म्हातारी.

“कुणीही काढलेलं नाही. मी स्वतः—”

“शिकलेली दिसती,” तिसरी.

“शिकलेल्यांच्या सुना लई वंगाळ,” म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या जीपनं हुंकार भरला.

आणखी दोनदा ‘नको’ म्हणून झालं. तेवढ्यात मोरणीवाल्या बाईंनी माझ्या खांद्यावरची पिशवी अलगद काढली, जशी लहान मुलाच्या हातातली सुरी काढतात, आणि जीपमध्ये ठेवली. पिशवीत पाणी, कागद, औषधं. ती काढायला मी पायरीवर एक पाय ठेवला. मागून मला आधार देण्यात आला. त्या आधाराची ताकद मी आयुष्यात विसरणार नाही. दार लागलं, आणि जीप निघाली.

खिशातला फोन वाजला.

“आई, तुझा ठिपका पळतोय.”

“मला जीपमध्ये बसवलंय.”

“म्हणजे बसलीस ना?”

“बसले नाही. बसवलंय.”

“आई, प्लीज. गाडीत न बसता, असं ठरलं होतं. मला आनंद होत नाहीये, पण ठरलं ते ठरलं.” आणि मग मऊ आवाजात, जो मला सगळ्यात कमी आवडतो, “इथं तुला एक खोली रिकामी करून ठेवलीय.”

जीपमध्ये सगळे ऐकत होते. “पोरगं का?” म्हातारीनं विचारलं. मी मान हलवली. तिनं कनवटीतून एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

धरणाच्या फाट्यावर मला उतरवण्यात आलं. पैसे घेतले नाहीत. “पुण्य लागंल आमाला,” जीपवाला म्हणाला, आणि धुळीत दिसेनासा झाला. मी जिथं पोचायला दुपार व्हायची तिथं सकाळीच उभी होते. निनादच्या हिशेबानं मी हरले होते.

थोडा वेळ मी फाट्यावरच्या पारावर बसले. मग उठले आणि परत मागं चालू लागले. जिथून उचललं त्या बाभळीपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा पुढं यायचं. हे कुठल्या नियमात बसतं ते मला माहीत नव्हतं; पण जेवढी वाट माझ्या पायाखालून चोरली गेली होती तेवढी तरी मला परत हवी होती.

उलट दिशेनं चालणाऱ्या बाईकडं लोक जास्तच काळजीनं बघतात. उसाचा ट्रॅक्टर रिकामा परत येत होता, तो म्हणाला, “चुकलाव जणू.” मी चालत राहिले. शेंदरी दगडांपैकी एक ओढ्याच्या काठाला होता, तिथं कागद काढून खात्री करत होते, तेव्हा मागून आवाज आला.

“कितवा हाय तुमचा?”

एक बाई शेळ्या घेऊन उभी होती. माझ्याच वयाची असावी, केस माझ्यापेक्षा काळे. नाव सोजरबाई. ते तिनं नंतर सांगितलं.

“कितवा काय?”

“दगड. कवापास्नं बघत्येय, दगड आला की थांबता, कागद वाचता, मान हलवता. पोथी हाय न्हवं? चालायचा नवस हाय तुमचा.”

सिस्टर अगाथा म्हणायच्या की खोटं बोलणाऱ्या मुलीचं अक्षर बिघडतं. सकाळपासून मी जेवढ्यांना खरं सांगितलं तेवढ्यांनी मला गाडीत घालायचा प्रयत्न केला होता, आणि एका जीपनं तो पुराही केला होता. मी विचार केला. अमुक एक गोष्ट व्हावी म्हणून अमुक इतकं चालेन, असं मी शब्द देऊन निघाले होते. त्याला मराठीत दुसरं काय म्हणतात?

“हो,” मी म्हणाले. “नवस आहे.”

“काय बोलल्याव?”

“माझ्या घरात मला राहता यावं.”

सोजरबाईनं एका शेळीला उगाच काठी मारली. मग म्हणाली, “माजं पोरगं बी लातूरला न्हेतो म्हनतंय. तितं शेळ्या ठिवू देत न्हाईत. गच्चीत बी न्हाय.” थोड्या वेळानं तिनं विचारलं, “एका नवसात दोगींचं बसतं का?”

“बसायला काय हरकत आहे?”

“मंग माजं बी घाला त्यात. म्या संगं येते. एकलीनं नवस फेडू न्हाय, वाटंत मोडतो.”

तिनं शेळ्या एका पोरीच्या हवाली केल्या आणि आम्ही दोघी बाभळीपर्यंत गेलो. बाभळीला हात लावला आणि परत फिरलो. तिथून पुढचा सगळा प्रवास बदलला. एकही गाडी थांबेना. म्हणजे थांबायच्या, पण सोजरबाई लांबूनच हात वर करायची, “नवस हाय,” आणि मोटारसायकलवाला चप्पल काढून नमस्कार करून जायचा. एका ट्रकनं तर आमच्यासाठी धूळ उडू नये म्हणून वेग कमी केला. मी आयुष्यभर इंग्रजीत आणि मराठीत सौजन्यानं नकार देत आले. त्याचा इतका उपयोग कधी झाला नव्हता.

पुढच्या दगडापाशी तीन बायका हळदीकुंकू घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या दगडापाशी अकरा. मघाशी ‘चुकलाव जणू’ म्हणाला होता तो ट्रॅक्टरवाला ट्रॉली घेऊन मागं यायला लागला, दमलेल्यांना बसायला. थोड्याच वेळात सोजरबाई आणि मी सोडून सगळ्या दमल्या. म्हणजे माझा नवस फेडायला आलेली मंडळी ट्रॉलीत बसून गाणी म्हणत होती आणि आम्ही दोघी पुढं चालत होतो.

पाचव्या दगडापाशी एका आजोबांनी विचारलं, “बाई, तुमच्यापाशी पोथी हाय. देवाचं नाव काय लिवलंय?”

कागदावर ‘वेपॉइंट ५’ एवढंच होतं. मी होतं तेच वाचलं. “वेपॉइंट.”

“वेपाई,” आजोबा मागं वळून ट्रॉलीला म्हणाले.

“वेपाई,” ट्रॉली म्हणाली.

“किती जनी हायेत?”

“सात. शेवटची पाण्याकाठी.”

ट्रॉलीतली गाणी थांबली. सात, आणि पाण्याकाठी. मराठवाड्यात हे दोन शब्द एकत्र उच्चारले की पाण्यातल्या देवींचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. “आसरा हायेत,” सोजरबाई हळूच म्हणाली. “साती भैनी.” आजोबांनी फेटा काढला. मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण इंग्रजीत मार्गखूण म्हणजे काय ते सांगून कुणाचं भलं होणार होतं ते मला सुचलं नाही, म्हणून बंद केलं.

प्रत्येक दगडापाशी फोटो काढून कंपनीला पाठवायचा नियम होता. सहाव्या फोटोनंतर रियाचा फोन आला. “मॅम, तुमचं पॅकेज सोलो आहे. फोटोत चाळीसेक पार्टिसिपंट्स दिसतायत. आणि मॅम, आमचा अ‍ॅरो दिसत नाहीये, त्याच्यावर कुणीतरी साडी ठेवलीय.”

“खण आहे तो,” मी म्हणाले. “साडी उद्या.”

रात्री धरणाकाठच्या गावात मुक्काम. इथलं जेवण चुकवू नका: हुरडा, लसणाची चटणी, आणि हरभऱ्याच्या पानांची भाजी, वर कच्चं तेल. मुक्कामाची रक्कम कंपनीकडं आधीच भरलेली असते; तरीही घरच्या बाईंना उठून भाकरीला हात लावा, त्या लावू देत नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा येतो.

रविवारी सकाळी बेटावर गेलो. ज्यांना लाव्हा बघायचाय त्यांच्यासाठी लिहिते: काळ्या खडकाचा एक उंचवटा आहे, त्यावर बांबूचं दाट बन. पावसाळ्यानंतर तीन बाजूंनी पाणी असतं. आता एकाच बाजूला होतं, बाकी चिखल वाळून भेगाळलेला. आम्ही जवळ गेलो तशी गवतातून दहा-बारा पाखरं एकदम फुर्र करून उडाली आणि पलीकडं पुन्हा दडली. गोल, मातकट, ओळखही न दाखवणारी. त्यांना कुणी ज्वालामुखी म्हटल्याचं त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. सकाळचं ऊन बांबूत उतरलं होतं, पाणी अगदी स्थिर होतं. परदेशात याचं मी तिकीट काढलं असतं. खोटं कशाला बोलू?

सातव्या दगडापाशी पोचले तर तिथं निनाद उभा. मध्यरात्रीच पुण्याहून गाडी घेऊन निघाला होता. पांढरे बूट चिखलानं भरलेले, हातात कुणीतरी दिलेला नारळ. आपली आई चाळीस बायका आणि एक ट्रॉली घेऊन येते आहे, हे त्याच्या ठिपक्यात दिसलं नव्हतं.

“आई, हे काय आहे?”

सोजरबाई पुढं झाली. “तुमीच का पुन्याचं? बाबा, आईचा नवस हाय. घरात राहू द्या म्हनून बोलल्यात. माजा बी त्यातच हाय.”

“आई, तू नवस बोललीस? तू?”

“हो.”

“पण ती जीप...”

“जीपचं काय सांगता?” सोजरबाई म्हणाली. “उचलून न्हेलं तर आई परत गेल्या, बाभळीला हात लावून पुन्ना चालत आल्या. म्या संगं हुते. आता वाट पुरी झाली, का न्हाय झाली?”

चाळीस बायका निनादकडं बघत होत्या. माझा मुलगा वाईट नाही. त्याला भीती वाटते की एक दिवस मी घरात पडेन आणि कुणाला कळणार नाही. त्याच्या डोळ्यांत ती भीती मला तिथंही दिसली, नारळासकट. त्यानं सगळ्यांकडं बघितलं, माझ्या बुटांकडं बघितलं आणि म्हणाला, “बघू.”

मग त्यानं नारळ फोडला, आणि तो नासका निघाला. आजोबा म्हणाले, “शकुन हाय,” पण तो कुणाच्या बाजूनं ते सांगितलं नाही.

निनादची गाडी फाट्यावर उभी होती. मी नको म्हटलं. फाट्यावरून एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. मी स्वतः चढले, स्वतः बसले. सोजरबाई खिडकीखाली उभी होती. तिनं माझा नंबर हातावर लिहून घेतला.

घरी येऊन दोन आठवडे झाले. पाय अजून दुखतात. बिराजदार वहिनींना लोहाऱ्याचे पेढे दिले, त्यांनी एक चाखून विचारलं, “कुठल्या देशातले?” आणि स्वतःच हसल्या. पासपोर्ट परत कपाटात. कंपनीनं ‘अनुभव कसा वाटला’ म्हणून पाच तारे पाठवलेत रंगवायला. मी दोन रंगवले, पाखरांसाठी.

सोजरबाईचा दर चार दिवसांनी फोन येतो. शेळ्या ओरडत असतात, त्यात ती ओरडते, “आलं का पत्तर?” मी सांगते, अजून नाही. ती म्हणते, “पोराला सांगा, माज्या पोराचं बी त्यावरच आडलंय. तो म्हनतो, पुन्याच्या सायबानं हा म्हनलं तर म्या बी हा म्हनतो.” म्हणजे तुला कल्पना नसेल निनाद, पण लातूरला एक माणूस तुझ्या उत्तराची वाट बघतो आहे.

तेव्हा आता सरळ विचारते. वाट पुरी झाली की नाही? बसणं आणि बसवलं जाणं तुझ्या हिशेबात एकच आहे का? आणि असेल, तर तू मला अकराव्या मजल्यावर बसवशील तेव्हा त्याला काय म्हणायचं?

‘बघू’ हे उत्तर नाही. अंगठ्याचं चित्र हे उत्तर नाही. मला पूर्ण वाक्यात, कर्ता, कर्म आणि क्रियापद घालून, सहीनिशी लेखी उत्तर हवं आहे, आणि ते गुढीपाडव्याच्या सूर्यास्ताच्या आत हवं आहे. पोस्टानं पाठव. पत्ता जुनाच.